डॅशबोर्डमागचा दुसरा रिले

ही हकीकत मी आजवर टाळत आलो. या अंकासाठी आपल्या कामाबद्दल लिहा, असं संपादकांनी मला तीनदा सांगितलं. पहिल्या वर्षी मी डोळ्यांचं कारण दिलं, दुसऱ्या वर्षी थरथरणाऱ्या हाताचं. दोन्ही खोटी नव्हती. पण चाळीस वर्षांच्या कामावर लिहायचं तर एका गाडीबद्दल लिहावं लागणार, आणि ती वगळून बाकीच्या गमतीजमती लिहिल्या तर ती लबाडी होणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मुलाखतींत, सत्कारात, नातवंडांसमोर मी ती वगळलीच आहे. आता पुरे.

माझं दुकान बुरहानपुरात, लालबागला, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. काम गाड्यांच्या वायरिंगचं. इंजिन, ब्रेक, क्लच यांना मी हात लावत नसे. दिवा लागत नाही, हॉर्न वाजत नाही, बॅटरी उतरते, सेल्फ उचलत नाही, अशी गाडी माझ्याकडे यायची. आमच्या गावात मराठी माणूसही मेकॅनिकला उस्ताद म्हणतो, तसा मीही सगळ्यांचा उस्ताद.

पंचवीसएक वर्षांपूर्वी गाड्यांना अलार्म बसवायचं वेड आलं. तेव्हा आमच्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो मुळात नसायचा. आम्ही बाहेरून बसवायचो. एक डबा, एक सायरन, दोन रिमोट आणि तारांचा झुबका, एवढाच तो प्रकार. डबा डॅशबोर्डच्या आत बसतो. गाडीला धक्का लागला, दार उघडलं, की तो सायरन वाजवतो. पण सायरनने चोर फार तर दचकतो. गाडी खरी अडवतो तो रिले. रिले म्हणजे काडेपेटीहून लहान स्विच, बोटाने न दाबता विजेने चालणारा. इंजिनला वीज नेणारी मूळ तार मध्येच कापायची, तिची दोन टोकं रिलेला जोडायची. डब्याने हुकूम सोडला की रिले टिक् करतो, तार तुटल्यासारखी होते आणि इंजिन बंद पडतं. हुकूम नसेल तर वीज त्यातून सरळ जात राहते, गाडी नेहमीसारखी चालते.

आमच्या धंद्याची एक रीत होती. तार कुठे कापली, ते फक्त बसवणाऱ्याने जाणायचं. अलार्मच्या सगळ्या तारा मुद्दाम काळ्या, म्हणजे चोराला कोणती कशाची ते कळू नये. आणि कागदावर काही लिहायचं नाही. कोणी विचारलं, "उस्ताद, नक्शा?" तर मी कपाळावर बोट ठेवायचो. या एका गोष्टीचा मला फार तोरा होता. शेकडो गाड्यांचे काप माझ्या डोक्यात आहेत, असं मी सांगायचो आणि ऐकणाऱ्यांना ते खरं वाटायचं. मलाही वाटायचं.

दहा वर्षांत तेच अलार्म काढून घ्यायला लोक रांगेत उभे राहिले. वय झालं की हे डबे चळतात. मांजर उडी मारून गेलं तरी बोंबलतात आणि खरा चोर आला तर गप्प बसतात. दापोऱ्याचे एक केळीवाले शेतकरी होते, त्यांची जीप पुतण्याच्या वरातीत नवरदेवासाठी सजवलेली. फटाक्यांची माळ लागली आणि सायरन सुरू झाला. रिमोट घरी, दुसऱ्या पायजम्याच्या खिशात. बँडवाल्यांनी थोडा वेळ सायरनच्या वर वाजवायचा प्रयत्न केला, मग त्यांनी वाद्यं खाली ठेवली. शेवटी नवरदेव खाली उतरून चालत मांडवात गेला. दुसऱ्या दिवशी हे गृहस्थ माझ्या दुकानात. म्हणाले, "उस्ताद, हे काढा. व्याही म्हणे, तुमच्याकडं लग्नातबी पोलीस बोलवता का?"

एका पॉवरलूमवाल्या शेठनी तर घरीच कात्री घेऊन सायरनची तार कापली. त्यांना माहीत नव्हतं की चांगल्या सायरनच्या पोटात स्वतःची लहान बॅटरी असते. बाहेरची तार कापली की तो चोरी समजतो आणि आणखी जोरात ओरडतो. त्यांनी तो सायरन रजईत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन माझ्याकडे आणला. सगळा लालबाग बघत होता. रिक्षातूनच ओरडले, "उस्ताद, इसका गला घोंट दो! मोहल्ला मेरा गला घोंटने को बैठा है!" सायरनला मागे एक बारीक चावी असते, ती फिरवली की तो निमूट होतो. मी तेवढंच केलं. शेठ माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी मेलेला माणूस उठवला.

अलार्म काढणं हे बसवण्यापेक्षा अवघड काम आहे, हे लोकांना पटत नाही. आधी सायरनची चावी फिरवायची. मग बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडायचं. मग डब्यापासून एकेक तार हातात धरून तिच्या उगमापर्यंत जायचं. मध्येच कापून टेप गुंडाळली आणि सोडून दिली, असं कधीही करायचं नाही. बॅटरीकडून येणारी तार बॅटरीपाशीच काढायची, नाहीतर तिचं उघडं टोक कुठेतरी टेकून आग लागते. जिथे मूळ तार कापलेली आहे तिथला रिले काढायचा, मूळ टोकं पुन्हा जोडायची, नुसती पिळून नाही तर कथलाचा डाग देऊन, वर प्लास्टिकची स्लीव्ह चढवून. हे सगळं मी इतरांना शिकवलं आहे. आता ज्या गाडीत मी हे केलं नाही, तिच्याकडे येतो.

सबनीस साहेब नेपानगरच्या कागद कारखान्यात नोकरीला होते. माणूस सरळ, बोलणं मोजकं, संशय मात्र भारी. त्यांची पेट्रोलवर चालणारी व्हॅन होती. तिला अलार्म मीच बसवला होता. तेव्हा साहेब म्हणाले होते, "एक काप तर कुठलाही मेकॅनिक शोधील. तुमचं वेगळं काय?" मला ते झोंबलं. मी एक रिले सेल्फच्या तारेवर लावला, आणि दुसरा, त्यांनाही न सांगता, डॅशबोर्डच्या पार मागे, हीटरच्या पेटीआड, इग्निशनच्या तारेवर. काम झाल्यावर एवढंच म्हणालो, "साहेब, आता ही गाडी माझ्याशिवाय कोणाच्या बापाला नेता येणार नाही."

आठ वर्षांनी साहेबांनी अलार्म काढायला सांगितलं. कॉलनीत तो भर दुपारी वाजायचा आणि रात्रपाळी करून झोपलेले लोक खिडक्यांतून शिव्या द्यायचे. साहेबांनी बजावलं, "डॅशबोर्ड जुना झालाय. त्याला चरा नको, क्लिपा तुटायला नकोत." मी खालून हात घालून डबा काढला, सायरन काढला, सेल्फवरचा रिले काढला, तार नीट जोडली. डब्याला आणखी एक बारीक काळी तार होती, वर आत गेलेली. मला वाटलं, ती काचेजवळच्या लुकलुकणाऱ्या दिव्याची. ओढून बघायला डॅशबोर्ड उघडावा लागला असता. मी ती कापली, टोकाला टेप गुंडाळली आणि सोडून दिली. गाडी एका झटक्यात सुरू झाली.

ती तार दिव्याची नव्हती. ती दुसऱ्या रिलेला हुकूम देणारी होती. आणि तो रिले मी साफ विसरलो होतो.

साहेबांचा ड्रायव्हर सुपडू. दापोऱ्याचा. साहेबांकडे अकरा वर्षं. उंच, बारीक, दाढी रोज केलेली. गाडी धुताना तो तिच्याशी बोलायचा, त्यावरून कॉलनीतल्या बायका त्याची चेष्टा करायच्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण मी त्याला सुपडूभाऊ म्हणायचो. आमच्याकडे तसंच म्हणतात.

उन्हाळा आला. आमच्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीच्या आत टेपचा डिंक पातळ होतो. माझ्या टेपचाही झाला. टोक उघडं पडलं. आता गाडीला धक्का बसला की ते उघडं टोक कधीकधी लोखंडी पट्टीला टेकायचं. गाडीचं लोखंड बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेलं असतं आणि डब्याचा हुकूमही निगेटिव्हचाच असे, म्हणून टेकलं की रिलेला वाटायचं हुकूम आला, इंजिन बंद. पुन्हा हलली की टोक सुटायचं आणि गाडी सुरू. हे मी आज एका दमात लिहितो आहे. तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं.

पहिल्यांदा बंद पडली तेव्हा सुपडू एकटाच होता. दुसऱ्यांदाही. तो गाडी माझ्याकडे घेऊन आला.

"उस्ताद, चालता चालता जीव सोडते भो ही. अन् पाच मिनिटानं आपोआप सुरू व्हते."

मी बॉनेट उघडून सगळं तपासलं. काही नाही.

"अन् एक सांगू का," तो म्हणाला. "बंद पडायच्या आधी आत कुठंतरी टिक् वाजते. डॅशबोर्डच्या मागं."

मी हसलो. "सुपडूभाऊ, तुमच्या कानात वाजत असंल. बायको रागावली का सकाळी?"

"नाई ना उस्ताद, खरंच वाजते. तुमी जरा उघडून पाहा."

"आठ वर्षं झाली या गाडीचा मी डॉक्टर आहे," मी म्हणालो. "आत काही नाही."

तो गाडी घेऊन गेला. त्याने मला रोगाचं नाव सांगितलं होतं, फक्त त्याला ते रोगाचं नाव आहे हे माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं. टिक् हा शब्द कानावर पडताच माझा हात तिकडे जायला हवा होता.

साहेबांना मी निरोप दिला की गाडीत दोष नाही. दोष गाडीत नाही म्हणजे कुठे आहे, याचा साहेब आपल्या पद्धतीने विचार करू लागले.

तिसऱ्यांदा गाडीत साहेब स्वतः होते आणि त्यांची मुलगी. तिची भोपाळला नोकरीची मुलाखत होती, आगगाडी बुरहानपूर स्टेशनवरून पकडायची. मधल्या जंगलाच्या टापूत, एका खड्ड्यानंतर, व्हॅन बंद पडली. या वेळी पाच मिनिटांनीही सुरू होईना. अर्ध्या तासाने झाली तेव्हा आगगाडी गेलेली होती. मुलगी रडत बसने घरी परतली आणि साहेब व्हॅन घेऊन तडक माझ्या दुकानात आले. सकाळचे अकरा वाजले असतील. सुपडू बाहेरच्या बाकावर बसला.

"आज काय ते शोधल्याशिवाय गाडी हलणार नाही," साहेब म्हणाले. "क्लिपा तुटल्या तरी चालेल."

मी डॅशबोर्ड उघडला. हीटरच्या पेटीमागे हात घातला आणि बोटांना तो रिले लागला. डोळ्यांनी दिसायच्या आधी हाताने ओळखला. आठ वर्षांपूर्वी तो मी जसा बांधला होता तसाच. मी रिले काढला, तार जोडली, डाग दिला, स्लीव्ह चढवली. ते काम मी उत्तम केलं. रिले मुठीत धरून बाहेर आलो तर साहेब समोर उभे.

"काय निघालं?"

त्या क्षणी दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. शेजारचा बॅटरीवाला होता. मी काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत होतं: साहेब, चूक माझी. तीन शब्द. त्याऐवजी मूठ खिशात घातली आणि म्हणालो,

"पेट्रोल बरोबर वाटत नाही. कार्बोरेटरात घाण आली होती. साफ केली. वायरिंगही एकदा पक्कं केलं."

मला वाटलं, हे खोटं कोणाला लागणार नाही. पेट्रोलला काय, कोणीही नावं ठेवतं. पण आमच्या भागात तेव्हा एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. काही ड्रायव्हर मालकाच्या टाकीतलं पेट्रोल काढून विकायचे आणि वरून घासलेट ओतायचे. साहेब वळले आणि बाकाकडे बघितलं.

"सुपडू, किती दिवसांपासून चाललंय हे?"

"काय, साहेब?"

"पेट्रोल."

सुपडू उभा राहिला. त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघू लागला. "उस्ताद, तुमी सांगा ना. टाकीचा वास घेऊन सांगा."

मी बॉनेटखाली मान घातली. बॉनेटखाली आता काही काम उरलं नव्हतं. मी एक घट्ट असलेला नट पुन्हा घट्ट करत राहिलो.

साहेब ओरडले नाहीत. "चावी दे," एवढंच म्हणाले. सुपडूने चावी बाकावर ठेवली, खिशातून गाडीचा पुसायचा फडका काढला, तो नीट घडी करून चावीशेजारी ठेवला आणि चालत गेला. साहेब व्हॅन स्वतः चालवत घेऊन गेले.

याहून वाईट पुढे झालं. व्हॅन त्यानंतर कधीच बंद पडली नाही. नवा ड्रायव्हर आला, गाडी सुरळीत चालली, आणि कॉलनीतल्या प्रत्येकाला पुरावा मिळाला. "बघा, माणूस बदलला आणि रोग गेला," असं साहेब स्वतः मला म्हणाले. मी मान डोलावली. रोग मी काढला होता आणि त्या काढण्यानेच सुपडू चोर ठरला होता. नेपानगरात त्याला कोणी गाडीवर ठेवलं नाही. बुरहानपुरातही बातमी आलीच. तो दापोऱ्याला परत गेला आणि केळीच्या ट्रकवर घड चढवायचं काम करू लागला. स्टिअरिंगला त्याने पुन्हा हात लावला नाही, असं मला त्याच वरातवाल्या शेतकऱ्यांनी सांगितलं. ते सहज बोलत होते. "चोरीचा नाद लागला म्हणे," म्हणाले.

मी काय केलं? वही घेतली आणि त्या दिवसापासून प्रत्येक काप लिहून ठेवू लागलो. लोक म्हणाले, उस्ताद आता शहाण्यासारखं काम करतो. त्याचं कौतुकही झालं.

सहा-सात वर्षांनी एका ट्रॅक्टरच्या वायरिंगसाठी मला दापोऱ्याला जावं लागलं. काम आटोपून निघालो तर वाटेत सुपडू भेटला. केस पांढरे, खांद्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. मला वाटलं, तोंड फिरवील. त्याने हात धरून घरी नेलं. बायकोने चहा टाकला. तो तिला म्हणाला, "हे उस्ताद. त्या दिवशी सगळे मले बोलले, हे एक शब्द नाई बोलले."

पेट्रोलचं माझं वाक्य बाहेर बाकापर्यंत पोचलंच नव्हतं. माझं गप्प राहणं त्याने इतकी वर्षं उपकार म्हणून जपलं होतं.

"साहेबांचा राग नाई मले," तो म्हणाला. "त्यांची पोरगी रडत होती. पण उस्ताद, एक विचारू का? तुमी डॅशबोर्ड उघडला होता ना. ते टिक् काय होतं?"

तो तक्रार करत नव्हता. कामातला माणूस कामातल्या माणसाला विचारतो तसं विचारत होता. बायको दाराशी उभी होती. तीही ऐकत होती. मला वाटतं, तिने ते टिक् पुष्कळदा ऐकलं असणार, त्याच्या तोंडून.

मी म्हणालो, "लक्षात नाही भाऊ आता. जुनी गोष्ट."

"हाओ," तो म्हणाला. "जुनी झाली."

आणि त्याने मला निघताना केळीची एक फणी दिली.

त्यानंतर मी दोनदा दापोऱ्याला जायला निघालो. एकदा फाट्यावरून परत आलो. एकदा त्याच्या गल्लीपर्यंत गेलो. घरासमोर चार माणसं पत्ते खेळत होती, आणि चार माणसांपुढे बोलायचं धैर्य माझ्यात पूर्वीही नव्हतं. आता वाटतं, चार माणसांपुढेच बोलायला हवं होतं. त्याला चोर म्हटलं गेलं तेही चार माणसांपुढेच.

गेल्या हिवाळ्यात सुपडू गेला. मला बातमी दहाव्यानंतर कळली. मी गेलो. बायको भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "शेवटी शेवटी मोठ्या पोराला सांगत होते, कोणाच्या गाडीवर राहू नको." मी काही बोललो नाही. घरात पाहुणे होते, हे कारण होतंच.

या वर्षी मी सबनीस साहेबांना फोन केला. ते मुलाकडे पुण्याला असतात. मी त्यांना सगळं सांगितलं, रिले, टेप, पेट्रोल, सगळं. ते म्हणाले, "आता कशाला सांगता, उस्ताद?" त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही, दोघं तसेच कानाला लावून बसलो. साहेबांना सांगणं मला जमलं. त्यांचं माझ्यामुळे काही गेलं नव्हतं, म्हणून जमलं असेल.

हा अंक दापोऱ्याला पोचेल. सुपडूच्या मुलाला वाचता येतं. तो आईला वाचून दाखवील, अशा बेताने मी पुढचं लिहितो आहे. हे मला त्या सकाळी दुकानात, सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणायचं होतं.

सुपडूभाऊ, तुमच्या टाकीतलं पेट्रोल चांगलं होतं. गाडी माझ्यामुळे बंद पडत होती. साहेबांना मी खोटं सांगितलं आणि तुम्ही माझ्याकडे बघत होता तेव्हा मी मान खाली घातली. तुम्ही चोरी केली नाही. मला माफ करा.